दाराआडून ऐकलेले ढेकर

आमच्या धंद्यात स्वयंपाक करणारीला पंगत दिसत नाही, ऐकू येते. केळीची पानं पसरल्याची सळसळ, त्यांवर पाणी शिंपडल्याचा आवाज, मग नुसता गलका. सांबारभात वाढला की गलका बसतो. रसमला भुरके सुरू होतात. शेवटी ताकभात होतो, आणि त्यानंतर मी मागच्या दाराला कान लावून उभी राहते. पहिला ढेकर बहुतेक एखाद्या म्हाताऱ्याचा असतो. त्याला पलीकडच्या ओळीतून कोणीतरी उत्तर देतं. मग इकडून तिकडून येऊ लागतात, आणि मी पदराला हात पुसून भांड्यांकडे वळते.

मी तंजावुरात लग्नामुंजीच्या स्वयंपाकाला जाते. नाव अंबुजा, हाक मारायला अंबू. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही बार्शीला मावशीकडे, म्हणून हे मराठी लिहिता येतं. इथं आमच्या घरांतून बोलणारे पुष्कळ आहेत, लिहिणारे शोधावे लागतात. आमचं बोलणं थोडं जुन्या वळणाचं आणि पुष्कळसं तमिळ. मी ते इथं कोणालाही कळेल असं सरळ करून लिहिते आहे, म्हणजे कोणी वाचलंच तर. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कोणी नसतं, ते बरं.

मी काम शिकले ते भीमण्णांच्या हाताखाली. नवरा वारल्यावर घरात बसून चालणार नव्हतं, आणि भीमण्णा आमच्याच गल्लीतले. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गोदाक्कांनी, मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "ही बोलत नाही, पण चिंच चांगली कोळते." भीमण्णा म्हणाले, "बोलायला मी आहे. चिंच कोळणारीच पाहिजे."

ते खरंच होतं. माणूस अंगानं किरकोळ, उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखा. पण आवाज असा की मांडवाच्या मागच्या टोकाला मांडीवर झोपलेलं पोर दचकून उठावं. आणि हा आवाज नुसता दरारा नव्हता, ते कामाचं हत्यार होतं. लग्नाचा मुख्य आचारी मुदपाकखाना आणि पंगत यांच्यामधल्या दारात उभा राहतो. एक डोळा चुलीवर, एक पानांवर. कुठल्या ओळीचा भात कालवून झाला, कोण हात थांबवून बसलाय, हे बघून तो हाक देतो, "सांबार!" हाक उशिरा गेली तर पानात भात कोरडा बसतो. लवकर गेली तर सांबार संपायच्या आत रसम येऊन त्यात मिसळतं, आणि दोन्हींची चव जाते. बाहेरच्यांना वाटतं की वाढपी वाढतात. वाढपी धावतात, पंगत चालवते ती हाक.

एकदा एका खेड्यातल्या लग्नात, नारळाच्या झावळ्यांच्या मांडवाला चुलीची ठिणगी लागली. धूर दिसताच माणसं पानावरून उठायला लागली. उठली असती तर त्या अरुंद दारात चेंगराचेंगरी झाली असती. भीमण्णा तिथूनच ओरडले, "बसा! पायसम यायचंय!" आणि माणसं बसली. सेल्वमनं, आमच्या मुख्य वाढप्यानं, घागरभर ताक त्या ठिणगीवर ओतलं. विझली. पायसमही आलं. त्या लग्नातले लोक अजून भेटले की ताकाची गोष्ट काढतात. मला मात्र तो आवाज आठवतो.

त्या आवाजाचं काही चालत नसे ते फक्त मुहूर्ताच्या वेळी. ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना सनईसारखा नादस्वर आणि ढोल असे एकदम उसळतात की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. तेवढ्या वेळापुरत्या आमच्या खुणा होत्या. अंगठा दोन बोटांवर चोळला की मीठ कमी. तळवा खाली दाबला की आच कमी कर. हात आपल्याकडे दुमडून घेतला, म्हणजे जेवून पान मिटतात तसा, की पुरे, झालं.

शिकवायला भीमण्णा कडक होते, पण त्यांच्या हाताखाली कोणी रडत घरी गेलं नाही. ढेकराचं त्यांनीच मला सांगितलं. पहिल्या वर्षी एका यजमानानं आत येऊन "फार छान, फार छान" म्हटलं, तर मी लाजून पोत्यांच्या मागे गेले. तो गेल्यावर भीमण्णा म्हणाले, "तोंडानं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नको गे. तो घरी जाऊन काय म्हणेल कोण जाणे. ढेकर काही कोणाची भीड धरून येत नाही." त्यांनी स्वतः मला कधी छान म्हटलं नाही. जेवून उठताना एक ढेकर देत. मला तेवढा पुरे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या धंद्यात आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. तोवर दिवसभर चिंचेचा कोळ, रसमचा घोट, मिरचीची चव, आणि मध्ये मध्ये कडक काफी. मग दुपार कलल्यावर गच्च जेवण, आणि तिथंच तांदळाच्या पोत्यांवर आडवं. भीमण्णांचं आयुष्य असंच गेलं. हळूहळू सकाळी त्यांचा आवाज बसलेला असे. दर दोन वाक्यांना खाकरत. घशात काहीतरी अडकलंय म्हणत, गिळलं तरी जात नाही. आम्ही म्हटलं, चुलीचा धूर. मग गॅसच्या शेगड्या आल्या, धूर गेला, घसा तसाच. मध-मिरी झाली, तुळस झाली, ज्येष्ठमध झालं. एका लग्नात "रसम" म्हणायला गेले आणि नुसती हवा बाहेर आली. दोन ओळी हात थांबवून बसल्या. त्या दिवशी सेल्वमनं त्यांना बळेच स्कूटरवर बसवून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी आणि गोदाक्का मागून रिक्षानं गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी घशात पाहिलं आणि विचारलं, "छातीत जळजळ होते?"

"नाही."

"आंबट पाणी वर येतं?"

"नाही. घसा दुखतो, तर तुम्ही पोटाचं काय विचारता?"

"घशाला पोटानंच भाजलंय, अण्णा," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते मला माझ्या परीनं कळलं. पोटात आंबट असतं, ते तिथं असायलाच पाहिजे. वरच्या बाजूला एक झडप असते, ती गिळताना उघडते आणि लगेच मिटते. भीमण्णांची झडप सैल पडली होती. आडवं झालं की आंबट थेट वर, आवाजाच्या पडद्यांपर्यंत. पोटाला ते सोसतं, पडद्यांना नाही. ते सुजून लाल झाले होते. कित्येकांना छातीत काहीच कळत नाही म्हणे, नुसता आवाज जातो.

बरेच महिने गोळ्या झाल्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. काफी बंद, चिंच बंद, मिरची बंद, दिवेलागणीच्या आत जेवण. आचाऱ्याला चव घ्यायची नाही म्हटल्यावर त्यानं काय करायचं? ते माझ्या तोंडाकडे बघत. मी चव घ्यायची आणि त्यांनी माझा चेहरा वाचायचा. थोडा फरक पडला, पण आवाज आला नाही. मग पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या, आणि कळलं की पोटाचा थोडा भागच वर छातीत सरकलाय. ते म्हणाले, ऑपरेशन.

पोट खाली ओढून घ्यायचं आणि त्याचा वरचा भाग अन्ननळीच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा. चार बारीक भोकांतून. घागरीच्या गळ्याला ओलं फडकं आवळून बांधतात तसं, असं मी मनात धरलं. भीमण्णांनी घोगऱ्या आवाजात एकच विचारलं, "आवाज येईल?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "आंबट वर येणं थांबेल. आवाजाचं वचन देत नाही. सूज उतरेल, पण दुखणं जुनं आहे. किती येईल ते बघायचं." मग म्हणाले, "आणि एक. पुढे बरेच दिवस ढेकर येणार नाही. काहींना नंतरही नीट येत नाही."

गोदाक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अय्यो! ढेकर नाही? मग याचं पोट भरलं हे आम्हाला कळायचं कसं?"

"विचारायचं, अम्मा."

"विचारून कोणी खरं सांगतं का?"

डॉक्टर हसले. मी हसले नाही. मला तो प्रश्न बरोबर वाटला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी येण्याआधी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कमी बोला, ओरडू नका, खाकरू नका, कुजबुजू तर मुळीच नका; कुजबुजीनं पडद्यांना जास्तच ताण पडतो. भीमण्णांना अर्धवट काही जमत नाही. कमी बोला म्हटल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. घरात मुहूर्ताच्या खुणा सुरू झाल्या.

त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे आला. आधी गाळलेली पेज, मग घोटलेला भात, मऊ शिजवलेलं पडवळ, दुधी, मुगाचं वरण. चिंच नाही, मिरची नाही, टोमॅटो नाही, खमंग फोडणी नाही. घास लहान, वेळ मोठा. इतकी वर्षं ज्यांवर माझा हात चालला ते सगळं काढून घेतलं होतं, आणि जेवणारा कोण, तर मला शिकवणारा. पहिल्या दिवशी अंगठा बोटांवर चोळला गेला. दुसऱ्या दिवशीही. मग मी जिरं कोरडं भाजून, पूड करून, वरणात अगदी शेवटी घालू लागले. पडवळाला नारळाच्या पातळ दुधाचा हात लावला. खुणा थांबल्या. पण खूण थांबली म्हणजे चूक नाही, एवढंच. आवडलं का, ते कळायला वाट नाही. वाटी देऊन मी सवयीनं दाराआड जाऊन उभी राही आणि मग आठवे की आता काही ऐकू येणार नाही.

गोदाक्कांना तर ते सोसलंच नाही. एक दिवस मी मुंजीच्या भाज्या चिरायला गेले होते. त्यांनी भावाला स्वतः भरवायला घेतलं. वाटी संपली. "घे डा, अजून ढेकर आला नाही." हे डा म्हणजे तुमचं रे. दुसरी वाटी. थोरल्या बहिणीचा हात परत लोटायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं, आणि तोंडानं बोलायचं नाही असं ठरवलेलं. ते पान मिटल्याची खूण करत राहिले, पण गोदाक्का कधी मुदपाकखान्यात आल्या नव्हत्या, त्यांना खुणा कळेनात. त्यांना वाटलं, जवळ बोलावतोय, भरव म्हणतोय. शेवटी पोट टम्म झालं, कपाळावर घाम आला. तेव्हा माउलीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पन्नीर सोडा, म्हणजे गुलाबपाण्याचा, आणवला आणि दोन घोट पाजला. आमच्याकडे अडलेल्या ढेकरावर तोच उपाय.

मी आले तेव्हा भीमण्णा भिंतीला धरून उभे होते, ना बसवत ना वाकवत. रिक्षा बोलावून पुन्हा हॉस्पिटल. टाके उसवले असतील तर सगळं पहिल्यापासून, हे मला माहीत होतं. गोदाक्का वाटभर माझा हात धरून होत्या. "मी मारलं गे त्याला. खायला घालून मारलं."

टाके शाबूत होते. नुसती हवा कोंडली होती. डॉक्टर न रागावता म्हणाले, "अम्मा, वरच्या दाराला आता आतून कडी आहे. सोडा पाजलात तर ती हवा खालच्याच दारानं जाणार. त्यांना चालवा." भीमण्णा लांबलचक व्हरांड्यात चालत होते, आणि एका फेरीत ते खालचं दार असं उघडलं की नर्स वळून बघू लागली. गोदाक्कांनी रडता रडता हात जोडले. भीमण्णांनी त्यांच्याकडे बघून तळवा खाली दाबला. मी सांगितलं, "आच कमी करा म्हणताहेत, अक्का." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हसतो काय मेला!" त्या दिवसापासून त्या सगळ्या खुणा शिकल्या.

पुढच्या तपासणीत पडद्यांची सूज उतरलेली होती. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले. ओठ मिटून हुंकार द्यायचा. पेल्यातल्या पाण्यात नळी धरून आवाज काढत फुंकायचं. गोदाक्कांनी बुडबुडे पाहिले आणि नळी हिसकावून घेतली. "बुडबुडे नको म्हणालेत!" मग समजावावं लागलं की सोड्यातले प्यायचे नाहीत, फुंकलेले चालतात. भीमण्णा अंगणात बसून फुंकत. हळूहळू हुंकाराचा शब्द झाला. आवाज स्वच्छ होता, खरखर गेली होती, खाकरणं गेलं होतं. पण तो लहान होता. खोलीत पुरे, अंगणात विरून जाई. आम्ही वाट पाहिली. तो वाढला नाही.

मधल्या काळात आमची माणसं इकडेतिकडे कामाला जात होती. दुसरा एक कंत्राटदार सेल्वमला कायमचं बोलावत होता. सेल्वम गेला असता तर बाकीचे वाढपी गेले असते, आणि मग भीमण्णांच्या नावाचं काही उरलं नसतं. तेवढ्यात ओरत्तनाडूच्या वकिलांचा फोन आला. त्यांच्या लग्नाचा स्वयंपाक भीमण्णांनीच केला होता, आता मुलीचं होतं. म्हणाले, "आवाज नसला तरी ये. दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवून मला मुलगी पाठवायची नाही."

सेल्वम घरी आला. "अण्णा, येतो मी. पण हाकेशिवाय पंगत कशी चालायची? माइक लावू?"

"लग्न आहे की बसस्टँड?" भीमण्णा त्या लहान आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "अंबू हाक देईल."

मी ताट धूत होते. ते हातातून निसटलं.

"मला नाही जमायचं, अण्णा."

"कुठलं भांडं कितपत आलंय ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"सेल्वमला सांगा."

"तो बाहेर वाढणार. आतलं बघून बाहेर सांगणारं पाहिजे."

सेल्वम म्हणाला, "अक्का, मी इतकी वर्षं तुमचा आवाज ऐकला नाही. चांगला असेल तर कळू दे तरी."

रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं तरी हाक मारण्याऐवजी मी पाय उचलून त्याला गाठते. मला रात्रभर ताप येईल असं वाटलं. आला नाही. यायला हवा होता.

ओरत्तनाडूचा हॉल नवा होता. मी पहिल्यांदा दारात उभी राहिले आणि पंगत दिसली. इतकी वर्षं कानांनी जिला ओळखलं ती समोर होती, हिरव्या पानांच्या सरळ ओळी, वाकलेली डोकी, लाल-जरीचे खांदे. मी बघतच राहिले. भीमण्णा शेजारी भिंतीला टेकून उभे होते. भात वाढून झाला. पहिल्या ओळीतल्या एका मामांनी भातात खळगं केलं आणि हात थांबवला. भीमण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मामांनी मान वर केली. मग दुसऱ्यानंही. भीमण्णांनी तळवा माझ्यापुढे धरला आणि खाली दाबला. आच कमी.

"सांबार!"

माझा आवाज बारीक आणि तीक्ष्ण निघाला, पितळेच्या वाटीवर चमचा मारल्यासारखा. आतला गलका एकदम थांबला. सेल्वम बादली घेऊन धावता धावता वळून बघत गेला. वकिलांनी पानावरून मान वर केली. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण तोवर दुसऱ्या ओळीचा भात कालवून होत आला होता, लाजायला वेळ नव्हता. "रसम!" गेलं. "पायसम!" गेलं. "मोर!" म्हणजे ताक, ते म्हणताना मला कळलं की भीमण्णा माझ्या एक श्वास आधी ओठ हलवत होते, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत त्यांनी ते थांबवलं होतं. नुसते उभे होते, हात मागे बांधून, पाहुण्यासारखे. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

सगळं आवरल्यावर आम्ही आमची पानं मांडली. भीमण्णा आता लवकर जेवतात, बेतानं, ताठ बसून. पण त्या दिवशी आमच्यासाठी थांबले होते. त्यांचं सांबार मी वेगळं केलं होतं, पातळ, चिंच नावाला. सगळ्यांना वाढून मी सवयीनं दाराआड गेले. सेल्वमनं असा ढेकर दिला की भांडी वाजावीत. मग बाकीच्यांनी. मग शांत झालं. भीमण्णांनी पान मिटलं असावं, केळीच्या पानाचा तो आवाज मी ओळखते. मी भांड्यांकडे वळले.

"अंबू."

लहान, स्वच्छ आवाज. मी थांबले.

"पोट भरलं गे. छान झालं होतं. सगळंच."

सेल्वम म्हणाला, "अण्णा, तोंडानं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नये ना?"

"माझ्याकडे आता तेवढंच आहे डा."

मी दाराआडून हात तेवढा बाहेर काढला आणि तळवा खाली दाबला.

पलीकडे सगळे हसले. त्यात एक हसू फार मोठं नव्हतं, पण मला ते वेगळं ऐकू आलं.